हळू व्हायचं तर सगळ्यांनी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चिडलो, मग काळजी वाटली. तुझ्या वयात हाच प्रश्न मला पडला होता, तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. म्हणून लिहितोय, नाहीतर एवढं लिहिण्याचा उत्साह आता राहिलेला नाही.

तू विचारतेस: उकाड्याची मोटार शर्यत आहे, मी गाडीची इंजिनिअर, आणि ड्रायव्हर स्वतःच म्हणतोय की पाण्याची बाटली काढा, अंग गार ठेवणारा कूलिंग व्हेस्ट नको, तेवढंच वजन वाचेल. तो सज्ञान आहे, जीव त्याचा आहे, मग त्याला नाही म्हणणारी मी कोण? त्यापुढची तुझी पानं, वेग आणि सुरक्षितता यांचा समतोल नेमका कुठे साधायचा वगैरे, मी बाजूला ठेवली आहेत. परिसंवादात ठीक आहे ते. तुझा खरा प्रश्न पहिल्या चार ओळींत मांडून झाला होता.

त्याला नाही म्हणणारी तू कुणी नाहीस हे खरं. पण हो म्हणणारा तोही कुणी नाही. शेजारच्या गॅरेजमधल्याने बाटली काढली असेल या धास्तीतून त्याचं ‘हो’ आलेलं आहे, आणि शेजारचा याच्या धास्तीने काढतोय. अशा ‘हो’ला मी संमती मानत नाही. माझं आयुष्यभराचं एकच तुणतुणं आहे, तुझे वरिष्ठ त्यावरून अजून माझी नक्कल करत असतील: हळू व्हायचं तर सगळ्यांनी. जड व्हायचं तर सगळ्यांनी. एकट्याला विचारायचंच नाही.

आधी हे मान्य कर की पोरगा मूर्ख नाही. दहा किलो वजनाला लॅपमागे, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीमागे, साधारण तीन दशांश सेकंद जातात, हा ठोकताळा तुला पाठ आहे. बाटली, पाणी, पंप, नळी मिळून दीड किलो धरू. लॅपला साडेचार शतांश झाले, 57 लॅप्सना अडीच सेकंद. (पाणी प्यायलं की वजन उतरतं असं म्हणू नकोस. पाणी बाटलीतून पोटात जातं, पोटातून घामावाटे कपड्यांत. वाफ होऊन उडतं तेवढंच गाडीतून बाहेर जातं. हे विसरणारे इंजिनिअर मी पाहिलेत.) गाडी नियमातल्या किमान वजनावर टेकलेली असती तर वाचलेला दीड किलो बॅलास्ट, म्हणजे भरतीचं वजन, म्हणून तळाशी परत आला असता आणि फायदा नावापुरता उरला असता. पण तुमची गाडी वजनाच्या वर आहे, तूच लिहिलंस. म्हणजे अडीच सेकंद खरे आहेत, आणि अडीच सेकंदांत जागा जाते. त्याचा हिशेब चोख आहे. तो हिशेब मांडायची मुभा त्याला ठेवली आहे, माझा राग त्या मुभेवर आहे.

फुजी, 1976. फॉर्म्युला वनच्या मोसमातली शेवटची शर्यत, धो धो पाऊस, सुरू करायची की नाही यावर बराच वेळ घोळ. निकी लाउडा तीन गुणांनी पुढे होता. ऑगस्टमध्ये नुर्बुर्गरिंगला अपघातात भाजून, सहा आठवड्यांत परत येऊन तो गाडीत बसला होता. दोन लॅप्स झाल्यावर तो पिटमध्ये, संघांच्या थांब्यावर, आला आणि उतरला. आणखी काही जण थांबले, पण विजेतेपद पणाला लागलं होतं ते त्याचं. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट तिसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला. लाउडाच्या त्या निर्णयाच्या धैर्याबद्दल लोक भरभरून लिहितात. मला ते कौतुक वाचवत नाही. पापण्या नीट मिटत नाहीत अशा माणसावर ‘हे सुरक्षित आहे का’ हे एकट्याने ठरवायची वेळ आणली, आणि ठरवल्याबद्दल त्याच्याकडून विश्वविजेतेपद वसूल केलं. तो पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत होता ना? मग थांबण्याचा भुर्दंड एकट्याला का?

आता टेक्सास, एप्रिल 2001. दीड मैलाचा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, वळणांना आत कललेला 24 अंशांचा उतार. कार्ट या अमेरिकी मालिकेच्या गाड्या तिथे ताशी 370 किलोमीटरच्या वर गेल्या, आणि वळणात ड्रायव्हरच्या अंगावर पाच जीच्या (स्वतःच्या वजनाच्या पाचपटीच्या) पुढे भार, तोही लॅपमागून लॅप. काहींनी डॉक्टरांना सांगितलं की गाडीतून उतरल्यावर सरळ चालता येत नाही. मग सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, तेव्हा 25 पैकी 21 जणांनी तेच सांगितलं: गरगरतं, कशाचं भान राहत नाही. शर्यत सुरू व्हायला दोन तास असताना रद्द झाली. सरावाच्या त्या दोन दिवसांत यातल्या कितीकांना वाटलं असेल की हे फक्त मलाच होतंय, आणि गप्प बसलेलं बरं? तू मला विचारतेस ‘ड्रायव्हरचं ऐकायचं की नाही’. ऐकायचं. पण सगळ्यांचं, एका खोलीत, एका वेळी. एकेकट्याला गॅरेजमध्ये गाठून विचारशील तर प्रत्येक जण ठणठणीत असतो.

सुझुकाचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते टाळून हे पत्र पुरं होणार नाही. 5 ऑक्टोबर 2014, जपानमधली फॉर्म्युला वनची शर्यत, पाऊस, उतरता उजेड. एक गाडी घसरून बाहेर गेली होती, तिला उचलायला क्रेन आत आली होती, आणि तिथे दोन पिवळे झेंडे हलत होते. दोन पिवळ्यांचा अर्थ: वेग कमी करा, थांबायची तयारी ठेवा. किती कमी? ते ज्याचं त्याने ठरवायचं. जो जास्त हळू होणार तो जास्त वेळ गमावणार. ज्यूल्स बियांकी या ड्रायव्हरची गाडी घसरून त्या क्रेनखाली गेली. पुढच्या जुलैत तो वारला. चौकशी समितीने लिहिलं की त्याने पुरेसा वेग कमी केला नव्हता. मला त्या ‘पुरेसा’वर आजही बोलता येत नाही. वर्षानुवर्षं सगळेच तेवढाच कमी करत होते, आणि आपण पिट वॉलवर, ट्रॅकशेजारच्या इंजिनिअरांच्या जागी, बसून टेलिमेट्रीत (गाडीकडून येणाऱ्या आकड्यांत) ते बघत होतो.

पुढच्याच मोसमात व्हर्च्युअल सेफ्टी कार आली; ती गाडी नव्हे, धोक्याच्या वेळी सगळ्यांना सारखं हळू करणारा नियम. तुझ्यासाठी ती पहिल्यापासून आहेच, म्हणून तिच्यात काय आहे ते तुला दिसत नाही. ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्याला किमान वेळ ठरलेला, तो आकडा प्रत्येकाच्या स्टिअरिंगवर, आणि त्याहून लवकर पोचलं तर दंड. दोघांमधलं अंतर जवळपास होतं तेवढंच राहतं. सावध राहिल्याने कुणाचं काही जात नाही, म्हणून सगळे सावध राहतात. ड्रायव्हर एका हिवाळ्यात शहाणे झाले असं समजू नकोस. तीच माणसं, तेच पाय.

तू म्हणशील, सगळ्यांना बांधून ठेवलं की शर्यतीचा जीव जातो. हे मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता उत्तरही आकड्यातच देतो. 2025 मध्ये मोन्झाला व्हर्स्टापेनने पात्रता फेरीत सरासरी ताशी 264.682 किलोमीटरचा लॅप मारला. फॉर्म्युला वनमध्ये त्याहून वेगवान लॅप तोवर झाला नव्हता. डोक्यावर हॅलो (डोकं वाचवणारी कमान) होता, मानेला आधार होता, गाडी किमान 800 किलोची होती. सगळ्यांवर सारखं ओझं टाकलं की इंजिनिअर ते दुसरीकडून भरून काढतात. तोच तर आपला धंदा आहे.

पण एक मुद्दा मी तुला देऊन टाकतो, कारण तो खरा आहे. वजन फुकट येत नाही. गाडी जड झाली की भिंतीवर जाणारी ऊर्जाही वाढते. ‘सुरक्षा’ हा शब्द लावला की वजनाचा हिशेब विचारायचा नाही, अशी एक सवय मधल्या काळात लागली होती, ती मला पटली नाही.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. 2022 मध्ये फॉर्म्युला वनच्या नव्या गाड्या सरळ पट्ट्यावर उसळ्या मारू लागल्या. बाकूला हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरला. ज्यांच्या गाड्या कमी उसळत होत्या ते म्हणाले, तुमची गाडी उंच करा ना, कुणी अडवलंय? तुमच्या खराब डिझाइनची शिक्षा आम्हाला कशाला? यात तथ्य आहे, नाही म्हणणार नाही. उंच केली की डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर) जातो, म्हणून कुणी आपणहून करत नव्हतं, हेही तितकंच खरं. शेवटी बेल्जियमच्या शर्यतीपासून उभ्या हादऱ्यांची एक मोजलेली मर्यादा सगळ्यांना लावली. तिच्यात कसं बसायचं ते ज्याचं त्याने बघायचं. ज्याची गाडी मुळात नीट होती त्याला त्या मर्यादेचा त्रास झाला नाही. 2023 साठी मात्र फ्लोअरच्या (गाडीच्या तळाच्या) कडा सगळ्यांच्याच 15 मिलिमीटरने वर घ्यायला लावल्या, त्यावर वाद घालायला मी आजही तयार आहे. पण पाठ मोडून घेण्याची सवलत काढून घेतली, एवढं झालं.

आता माझ्याबद्दल, कारण तू आडून विचारलं आहेसच की मी पिट वॉल का सोडली. आमचा ड्रायव्हर उंच होता. तेव्हा गाडी आणि ड्रायव्हर यांचं वजन एकत्र धरत, त्यामुळे त्याच्या हाडांचा प्रत्येक किलो आम्हाला बॅलास्टमधून कापावा लागे. तो उपाशी राहायचा. शर्यतीच्या शेवटी शेवटी त्याचे स्टिअरिंगचे हात उशिरा फिरताना मला ट्रेसमध्ये, म्हणजे टेलिमेट्रीच्या आलेखात, दिसायचे. मी तांत्रिक बैठकीत उभा राहून म्हणालो, ड्रायव्हरचं वजन वेगळं धरा आणि सगळ्यांना एक किमान आकडा लावा. प्रतिस्पर्धी म्हणाले, हा स्वतःच्या उंच ड्रायव्हरची सोय बघतोय. आमचे साहेब म्हणाले, घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडलंस, आमचा माणूस कमजोर ठरवलास. ड्रायव्हरने तर माझ्याशी बोलणंच सोडलं, आणि ते मला लागलं, अजून लागतं. पुढचा मोसम मी कारखान्यात काढला. 2019 मध्ये नियम आला: ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान 80 किलो, कमी पडेल तेवढं बॅलास्ट सीटपाशीच. माझ्यामुळे आला असं नाही, कितीतरी जण तेच मागत होते. पण मी बरोबर होतो. कुणी विचारलं नसतानाही मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, यावरून तुला जे समजायचं ते समज.

तुझ्या उकाड्याकडे येतो. 2023 मध्ये कतारला एक ड्रायव्हर हेल्मेटमध्ये ओकला, दुसऱ्याने मध्येच गाडी थांबवली, काहींना नंतर नीट उभं राहता येईना. त्यानंतर फॉर्म्युला वनने 2025 साठी नियम केला: हीट इंडेक्स (तापमान आणि दमटपणा मिळून जाणवणारा उकाडा) 31 अंशांच्या वर जाणार असेल तर प्रत्येक गाडीत कूलिंग यंत्रणा बसवायची, आणि त्यासाठी किमान वजन पाच किलोने वाढवून द्यायचं. व्हेस्ट टोचतो म्हणून कुणाला घालायचा नसेल तर नको घालू दे, पण मग कॉकपिटमध्ये अर्धा किलो बॅलास्ट टाकायचं. तो अर्धा किलो मला फार आवडतो. ज्याने लिहिला त्याला ड्रायव्हर कळतो. निवड ड्रायव्हरकडेच ठेवली, तिच्यातला फायदा तेवढा काढून घेतला.

तुमच्या मालिकेत असा नियम नाही. म्हणून तुझं काम ड्रायव्हरशी भांडण्याचं नाही. तू जिंकलीस तरी तो तुझ्यावर खार खाईल आणि पुढच्या वर्षी दुसरा इंजिनिअर मागेल. तुझं काम टेक्निकल डेलिगेटला, मालिकेच्या तांत्रिक अधिकाऱ्याला, लिहिण्याचं आहे. कॉकपिटमधल्या तापमानाचे गेल्या मोसमातले सगळे ट्रेस लाव. शर्यतीआधी आणि नंतर ड्रायव्हरचं वजन किती घटलं तेही लाव, आकडे असतील तर इतर संघांचेही माग. कुणाचं नाव घालू नकोस, स्वतःच्या ड्रायव्हरचं तर मुळीच नको; तिथे मी जे केलं ते करू नकोस. मागणी एकच ठेव: बाटली आणि कूलिंग सगळ्यांना सक्तीचं, किंवा तेवढ्या वजनाचं बॅलास्ट. संघप्रमुखाला आधी दाखव. तो नको म्हणेल. तरी पाठव.

उत्तर येईपर्यंत बाटली गाडीत भरलेली राहू दे. तो आरडाओरडा करेल, अडीच सेकंदांचा हिशेब तोंडावर फेकेल. स्पष्ट सांग की हा एकट्याला सोसायला लावलेला भुर्दंड आहे, अन्याय आहे, आणि तो दूर व्हावा म्हणूनच अर्ज केलाय. मसुदा मला धाड. दोन पानांवर गेला तर वाचणार नाही.