पुढे 10, मागे 8? आधी गाडी धर्मकाट्यावर (वजनकाट्यावर) न्या

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. पोलो गाडी, रोज इंदूरच्या विजयनगर ते पिथमपूर, रविवारी सिमरोल-चोरलचा घाट, मागच्या सीटवर आई, आणि दुकानदार म्हणतोय नव्या स्प्रिंगा घाला, पुढे 10 किलो प्रति मिमी (म्हणजे 1 मिमी दबायला 10 किलो लागतात, यालाच स्प्रिंगचा रेट म्हणतात), मागे 8, "भिया, एक नंबर बैठेगी". बसेल हो. पण आईंना काय बसेल ते बघा.

मी ऑटोमोबाइल इंजिनियर नाही, पदरचे पैसे घालून शिकलेला माणूस आहे. आकडे स्वतः पडताळून घ्या.

10 हा आकडा नुसता सांगण्यात अर्थ नाही. त्या स्प्रिंगवर किती वजन आहे आणि ती चाकापासून किती आत बसली आहे, हे कळल्याशिवाय 10 म्हणजे कडक की नरम हे ठरत नाही. ज्या गाडीत चाक 10 मिमी उचललं की स्प्रिंग फक्त 6 मिमी दबते, तिथे 0.6 चा वर्ग धरायचा, म्हणजे 10 ची स्प्रिंग चाकाशी 3.6 च उरते. तुमच्या पुढच्या स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकर एकत्र असलेला उभा खांब) हे गुणोत्तर 0.95 च्या आसपास, म्हणजे तेच 10 चाकाशी 9 राहतात. डबल विशबोनवाल्या (चाक दोन आडव्या हातांवर धरलेल्या) गाडीचा आकडा ऐकून पोलोत टाकणारे मी इथेच इंदूरला पाहिलेत.

हिशोब असा. रिकामी गाडी 1100 किलो आणि वर दोन माणसं मिळून 1240 धरा, त्यातलं 60 टक्के पुढे. एका पुढच्या चाकावर 372 येतात. चाक, डिस्क, हब वगैरे स्प्रिंगच्या खालचं 35 किलो वजा केलं की 337 उरतात. 10 ची स्प्रिंग लावली तर पुढचा भाग सेकंदाला साधारण 2.6 वेळा डुलेल. नेहमीच्या घरगुती गाड्या 1 ते 1.5 मध्ये असतात, 2 च्या वरची गाडी रोज चालवणं मला तरी झेपत नाही, आणि 2.6 ही ट्रॅकची गोष्ट झाली. पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा 11.3 किमीचा ओव्हल ट्रॅक असला तरी तुम्हाला जायचंय राऊ मार्गे ऑफिसला.

मला विचाराल तर पुढे सेकंदाला 1.6 वेळा डुललं तरी पुरे. त्याला 3.8-3.9 किलो प्रति मिमीची स्प्रिंग लागते, 4 घ्या. मागचं डुलणं थोडं जास्त, सेकंदाला 1.75 च्या आसपास. हे डोकं मॉरिस ऑली या इंजिनियरचं, 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये त्याने हे मांडलं. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो. अडीच मीटर मागे असलेली चाकं ताशी 80 ला सेकंदाच्या नवव्या हिश्शात तिथे पोचतात. मागचा भाग जरा वेगाने डुलला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी होडीसारखी वरखाली न करता सपाट उठते, सपाट बसते. पण जरा म्हणजे जराच.

माझं नुकसान इथेच झालं. दुकानाचं नाव लिहीत नाही. स्प्रिंगचा सेट "स्पोर्ट" म्हणून दिला. स्प्रिंगचा रेट विचारला तर "कंपनी बताती नहीं". डब्यावर पार्ट नंबर आणि स्प्रिंगचा लाल रंग, बस्स. बसवल्यावर पुढचं ठीक होतं, पण मागचा भाग कॉलनीतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर टप्पा खायचा आणि भेरूघाटात वळणावर खडबडीत डांबर आलं की बाजूला सरकायचा. तक्रार केली तर म्हणे शॉकर कमजोर आहेत, हेही घ्या. म्हणजे दुखणं त्यांनीच द्यायचं आणि औषधही त्यांच्याच काउंटरवर!

शेवटी सांवेर रोडच्या एका स्प्रिंगवाल्याकडे मागची स्प्रिंग काढून नेली. त्याने ती प्रेसखाली उभी केली आणि 25-25 मिमी दाबत गेला. पहिल्या 25 ला काट्यावर 60 किलो, 50 ला 150, 75 ला 310. मधेच टक टक आवाज आला, वरचे जवळजवळचे वेढे एकमेकांना टेकले. म्हणजे सुरुवातीची नरमाई फक्त दाखवायची. मागच्या स्प्रिंगवर गाडी उभी असतानाच अडीचशे किलो असतात, त्यामुळे नरम वेढे आधीच मिटलेले आणि रस्त्यावर काम करणारा रेट 6.4. माझ्या गाडीला लागत होते पावणेचारच्या आसपास. ती चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो तर "मशीन गलत होगी" आणि "फिट झालेला माल परत नाही". बिलावर रेट लिहिलेला नव्हता, मग भांडायचं कशावर? म्हणून सांगतो, बिलावर किलो प्रति मिमी आणि स्प्रिंगची मोकळी लांबी लिहून देत नसेल त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

मागचा रेट काढायचा तर मागच्या बीमच्या (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) पिव्हटपासून, म्हणजे तो गाडीला बिजागरीसारखा जोडलेला असतो तिथून, स्प्रिंगच्या बैठकीचं अंतर मोजा आणि त्याला पिव्हट ते चाकाच्या मध्याच्या अंतराने भागा. समजा 0.85 आलं, तर वर्ग 0.72, आणि 1.75 साठी 3.7 ची स्प्रिंग. वजनासाठी धर्मकाट्यावर आधी पुढची चाकं, मग मागची. मागची चाकं तोलताना आईंना सीटवर बसवा, त्यांचं वजन बरंचसं मागेच येतं.

वळणावर गाडी झुकते म्हणून स्प्रिंग कडक करत सुटू नका, त्यासाठी अँटीरोल बार (डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) असतो. कडक स्प्रिंगचा आणखी एक तोटा कुणी सांगत नाही. पुढे 10 लावली तर गाडीच्या वजनाने चाक जेमतेम 37 मिमी वर जातं, म्हणजे खड्ड्यात चाक तेवढं उतरलं की स्प्रिंग सैल. पावसाळ्यानंतरचे आपले खड्डे तुम्हाला माहीत आहेतच. स्टॉक स्प्रिंग कापून घेऊ नका, वेढे कमी झाले की रेट वाढतोच, वर बैठकही बिघडते.

शॉकरच्या दांड्यावर एक झिपटाय घट्ट बांधा आणि नेहमीच्या रस्त्याने जाऊन या. ती बंपस्टॉपपर्यंत (शेवटी अडवणारा रबराचा ठोकळा) सरकली असेल तर गाडी स्प्रिंगवर नाही, रबरावर चालते आहे. अशा वेळी आधी उंची वाढवा.

कायद्याचं: मोटर वाहन कायदा 1988 चं कलम 52 (गाडीतल्या बदलांबद्दलचं) वाचा आणि विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या, याबाबत माझा शब्द धरू नका.

आणि हो, कंट्रोल आर्मच्या (चाकाला धरणारा हात) बुशचे, म्हणजे रबरी जोडाचे, बोल्ट गाडी जॅकवर असताना कधीच घट्ट करू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकवून कसायचे, नाहीतर बुश पिळून महिन्याभरात आवाज करतील. अलाइनमेंट त्यानंतर. काट्याची चिठ्ठी मिळाली की दोन्ही अ‍ॅक्सलचे आकडे आणि बीमचं माप इथे टाका, हिशोब मांडून देतो.