पिस्तूल दिरांचं, गाडी तुमची, गुन्हा दोघांचा

डॅलसजवळून एका ताईंचं लांब पत्र आलं आहे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, त्या एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत. प्रश्न तीन आहेत, पण मला बोलायचंय ते पत्राच्या मधल्या या ओळींबद्दल:

"महिन्यापूर्वी फ्रीवेवर एक पिकअपवाला ह्यांच्या मागे लागला. एक्झिट घेतली तरी चिकटून आला आणि सिग्नलला उतरून खिडकीवर बुक्क्या मारल्या. मोठे दीर सिटिझन आहेत. त्यांनी आपलं पिस्तूल आमच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून दिलं. टेक्ससमध्ये आता लायसन्स लागत नाही म्हणे. मला मात्र झोप येत नाही."

तुमची झोप उडाली ते योग्यच झालं. पण महिनाभर कुणाला विचारलं नाहीत, हे बरोबर नाही केलंत. दीर प्रेमापोटी वागले, हे मला कळतं. तरी ते पिस्तूल आजच्या आज गाडीतून गेलं पाहिजे.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याविना पिस्तूल बाळगता येतं, हे खरं. पण त्या सवलतीच्या वर केंद्राचा कायदा बसलाय. एच-१बी, एच-४, विद्यार्थी, पर्यटक अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याच्या नसलेल्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा नुसती गोळीही जवळ ठेवणं हा १५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. माहीत असून देणाऱ्यालाही तीच शिक्षा, म्हणजे दीरही अडकतात. पिस्तूल कुणाच्या नावावर आहे यावर सुटका होत नाही, ते कुणाच्या ताब्यात आहे हे पाहतात. ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत असल्याने यात काही बदलत नाही, आणि शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला देशाबाहेर काढता येतं. शिकारीचा वैध परवाना हा अपवाद कायद्यात आहे, पण रस्त्यावरच्या भांडणासाठी ती पळवाट शोधू नका. फार तर इमिग्रेशनच्या वकिलांना विचारा. आमच्या नात्यात कुणी "असू दे सोबतीला" म्हणालं की मी आधी व्हिसा कुठला ते विचारते.

पिस्तूल नेऊन द्यायला ह्यांना पाठवू नका, त्या फेरीतही ते ह्यांच्याच ताब्यात असेल. दिरांनी स्वतः येऊन न्यावं, गोळ्यांसकट.

दिरांसारख्या कायद्याने बंदूक ठेवू शकणाऱ्यांनीही हे ऐकावं. टेक्ससच्या दंडसंहितेच्या ९व्या प्रकरणात लिहिलंय की नुसत्या शिव्यांना उत्तर म्हणून बळ वापरता येत नाही. समोरच्याला तुम्ही डिवचलं असेल तर बचावाचा हक्क डळमळतो. तुम्ही बसलेल्या गाडीत कोणी बेकायदा आणि जबरदस्तीने घुसत असेल तर कायदा तुमच्या बाजूने गृहीत धरतो, पण तुम्ही स्वतः त्या वेळी गुन्हा करत नसाल तरच. बेकायदा पिस्तूल हाच तो गुन्हा. आणि धमकावण्यासाठी पिस्तूल नुसतं दाखवलं तरी शस्त्रानिशी हल्ल्याचा खटला होऊ शकतो, शिक्षा २ ते २० वर्षं. शिवाय पट्टा बांधलेल्या माणसाचा हात ग्लोव्ह बॉक्सपर्यंत नीट पोचतही नाही. ज्या दोन सेकंदांत निघून जायचं, ती वाकण्यात जातात.

खरी सुटका निघून जाण्यात आहे आणि तिची तयारी सिग्नलला थांबतानाच होते. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतक्या अंतरावर थांबा. तेवढ्या जागेत मागे न जाता वळून बाहेर पडता येतं. माझ्या मुलांना पार्किंग शिकवायच्या आधी मी हे शिकवलं. गाडी गिअरमध्ये, पाय ब्रेकवर, दारं लॉक, काचा वर.

कोणी मागे चिकटला तर उजव्या लेनमध्ये या, वेग हळूहळू कमी करा, त्याला जाऊ द्या. ब्रेक मारून दाखवायचा नाही, त्याच्याकडे पाहायचं नाही, फोन उचलून शूटिंग करायचं नाही. त्यासाठी डॅशकॅम, म्हणजे समोरच्या काचेशी बसवायचा कॅमेरा, लावा. बोलण्यासाठी शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्ट्यावर, थांबणं सगळ्यात वाईट. तरीही मागे असेल तर सलग चार वेळा उजवीकडे वळा. कामाला निघालेला माणूस असा गोल फिरत नाही. मग घरी जायचं नाही, घर त्याला दिसता कामा नये. पोलीस ठाणं, फायर स्टेशन किंवा उजेड-माणसं असलेला पेट्रोल पंप गाठा. हँड्सफ्रीवरून ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा आणि पहिलं वाक्य जागेचं बोला: रस्ता, दिशा, एक्झिट नंबर. मग गाडीचा रंग आणि नंबर प्लेट. नाव-गाव नंतर.

तो उतरून खिडकीशी आलाच, तर काच खाली नाही, उत्तर नाही, हात स्टिअरिंगवर. वाट असेल तर त्याला धक्का न लावता सावकाश निघा. नसेल तर हॉर्न दाबून धरा आणि ९११ चालू ठेवा. प्रकरण मिटलं तरी पोलिसांना कळवा, नाहीतर त्यांच्यापुढे एकट्या त्याचीच हकीकत राहते.

तेव्हापासून हे गप्प असतात असं लिहिलंत, तेही मनावर घ्या. दोन आठवड्यांत निवळलं नाही तर डॉक्टरांशी बोला.

पेपर स्प्रेचं विचारलंत. गाडीच्या आत फवारला तर डोळे तुमचेच जातात, मग गाडी कोण चालवणार? नको.

सासूबाई येताहेत, त्यांना घडलं ते सांगा, मागे बसवा, आणि कोणी बाहेरून ओरडलं तर काच उघडून समजूत घालू नका एवढं पक्कं सांगून ठेवा. मुलगा १५चा झालाय, लर्नर लायसन्स मिळेल. फ्रीवेवर जायची घाई नको, आधी घराजवळच्या रस्त्यांवर वडिलांबरोबर चालवू द्या.