फोटोमागची नावं : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

सांगलीच्या पेठेत मी स्टुडिओ चालवला. फोटो काढले, धुतले, अल्बम बांधले. आता दुकान मुलगा बघतो आणि या सदरातून तुमच्या पत्रांशी माझं बोलणं चालतं. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत, प्रत्येक पत्राच्या शेवटी कंसात गाव आहे आणि त्याखाली माझं उत्तर. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण पुरात भिजलेल्या फोटोंचं तसं गाठोडं आपल्या नदीकाठच्या कितीतरी घरांत पडून आहे.

आमचं घर गावभागात आहे. 2019 च्या महापुरात खालच्या खोलीतलं कपाट पाण्यात गेलं. त्यात सासऱ्यांच्या लग्नापासूनचे अल्बम होते. पाणी ओसरल्यावर वाळवले, पण फोटो एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले. टाकवत नाहीत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेत. मामंजी 84 वर्षांचे आहेत. नातीचं लग्न ठरलंय, तिला आमच्या घराचं एक फोटोबुक करून द्यायचंय. यातून काही निघेल का? (सांगली)

निघेल, ताई. सगळं नाही, पण तुम्हाला वाटतंय त्याहून बरंच जास्त. पिशवी मात्र आजच सोडा. बंद प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. हाताळताना तोंडाला मास्क लावा.

फोटोचा चेहरा म्हणजे कागदावर बसवलेला जिलेटिनचा पातळ थर. पाण्यात तो फुगतो, चिकट होतो आणि तसाच वाळला की शेजारच्या फोटोला धरून बसतो. जे पाण्याने चिकटलं ते बऱ्याचदा पाण्यानेच सुटतं. पण गठ्ठा भिजवण्याआधी वरून, खालून जे काही दिसतंय त्याचे फोनवर नीट फोटो काढून ठेवा. मग ज्यातला एखादा गेला तरी चालेल असा लहान गठ्ठा निवडा आणि परातीत स्वच्छ, गार पाण्यात सोडा. अर्ध्या तासाने बघा, लागलं तर आणखी थांबा. फोटो आपापला सुटू द्या, ओढू नका. पाण्यात रंग उतरू लागला किंवा चित्रच सरकू लागलं, तर तिथेच थांबा. बुरशीने तो थर खाल्लेला असतो तिथे पाणी लागलं की उरलेलंही वाहून जातं. असे गठ्ठे कोरडेच ठेवा आणि दिसतंय तेवढं स्कॅन करा. जुने जाड कागदावरचे कृष्णधवल फोटो यात चांगले तगतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले मात्र भिजवू नका, त्यांची शाई पसरते. सुटलेले फोटो सावलीत दोरीला चिमट्याने कोपऱ्यात धरून वाळवा. वर्तमानपत्रावर ठेवू नका, छपाईची शाई लागते. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच राहू द्या आणि काचेवरूनच स्कॅन करून घ्या.

आणखी एक करा. सासूबाईंच्या माहेरी विचारा. लग्न एक असलं तरी फोटो दोन घरांत जातात, आणि ते दुसरं घर पुराच्या पाण्यापासून लांब असू शकतं. आत्यांकडे, मावसघरी, सगळीकडे विचारा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबलो त्याबद्दल. मामंजी 84 वर्षांचे आहेत. ताई, परातीच्याही आधी त्यांच्याजवळ बसा. फोटोतला अर्धा चेहरा गेला असेल, तरी फेट्यावरून, उभं राहण्यावरून ते माणूस ओळखतील. डावीकडून उजवीकडे नावं लिहून घ्या, नातं लिहा, गाव लिहा. फोनवर त्यांचा आवाज टेपही करा. गठ्ठा पुढच्या महिन्यात भिजवला तरी चालेल, हे काम या आठवड्यात व्हायला हवं. स्टुडिओत जुने फोटो मोठे करून घ्यायला येणाऱ्यांना मी नेहमी विचारायचो, हे कोण? "आजोबांचे कुणीतरी" असं उत्तर आलं की मला मनापासून वाईट वाटायचं. फोटो सुरेख टिकलेला असायचा आणि माणूस हरवलेला असायचा.

फोटोबुकात डागाळलेले फोटो डागांसकट छापा, खाली मामंजींचे शब्द घाला. गेलेला चेहरा ॲपकडून नव्याने बनवून घेऊ नका. मला हे अजिबात पटत नाही. ते ॲप नाक-डोळे बेतून देतं, ते तुमच्या घरातल्या कुणाचेच नसतात, आणि नातीची मुलं तोच चेहरा खरा धरून चालतील.

पाणी 2005 ला आलं, 2019 ला आलं, 2021 ला आलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. तुमच्याकडे 40 चा आकडा कानावर पडला की अल्बम वर गेले पाहिजेत, धान्याच्या डब्यांबरोबर. तरीही भिजलेच, तर चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ पाण्यातून काढून सुटे करा आणि दोन दिवसांच्या आत वाळवा. ते जमण्यासारखं नसेल तर मध्ये बटर पेपर घालून, पिशवीत बंद करून, उंचावरच्या ज्या नातेवाइकांकडे वीज आहे त्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेला फोटो बिघडायचा थांबतो आणि तुम्हाला घर धुवायला वेळ मिळतो.

आईच्या ट्रंकेत तासगावच्या माहेरचे पुष्कळ फोटो सापडले. एकावरही तारीख नाही. वहीत क्रमाने लावायचे तर काळ कसा ओळखायचा? (वाई)

फोटो उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता पूर्ण वाचा. सांगली जिल्हा 1949 साली वेगळा झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं आणि 1960 मध्ये ते सांगली झालं. शिक्क्यात 'दक्षिण सातारा' असेल तर फोटो बहुधा त्या अकरा वर्षांतला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो 15 ऑगस्ट 1972 नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. एवढं लक्षात ठेवा की काही दुकानदार जुना शिक्का संपेपर्यंत वापरत. लहान, चौकोनी कृष्णधवल फोटो बऱ्याचदा आग्फा क्लिक थ्रीवर काढलेला असतो. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर 12 फोटो निघत, म्हणून लोक एकेक जपून काढत. ताठ, नीट उभी राहिलेली मंडळी दिसतात ती त्यामुळेच. रंगीत फोटो लालसर झाला असेल तर त्यातला निळसर रंग आधी उडालाय. तो स्कॅन करून बराच सुधारता येतो, तेव्हा त्याला बाद करू नका.

पण खरा काळ माणसं सांगतात. मांडीवरचं बाळ कोण, एवढं कळलं की साल हाती आलं. मावशीला विचारा, नऊवारी सोडून सहावारी केव्हा नेसायला लागलात? तो प्रसंग बायका विसरत नाहीत. सन विचारलात तर कुणाला आठवत नाही. कोयनेच्या भूकंपाआधीचा की नंतरचा, बहात्तरच्या दुष्काळातला का, असं विचारलंत की लगेच उत्तर येतं.

कळलेलं फोटोमागे लिहा, पण बॉलपेनने नको. त्याचा दाब पुढे उमटतो. जुन्या कागदी पाठीवर मऊ शिसपेन्सिल, हलक्या हाताने. नव्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही, तिथे चिठ्ठीवर लिहून फोटोबरोबर ठेवा. वहीत लावताना खळ किंवा डिंक नको, कसर लागते. कागदी कोपरे वापरा, म्हणजे मागचं लिहिलेलंही काढून वाचता येतं.

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी हंपी-बदामी केलं, त्याआधी नर्मदेकाठी जाऊन आलो. फोनमध्ये फोटोंचा ढीग आहे. प्रवासाची वही दर वेळी सुरू करतो आणि दोन पानांवर थांबते. पुस्तक करायचं मनात आहे. (कऱ्हाड)

गुरुजी, वही का थांबते ते सांगतो. तुम्ही त्यात माहिती लिहिता. विरुपाक्षाचं गोपूर किती उंच, बदामीची लेणी कुणी कोरली, हे लिहून हात दुखतो आणि ते तर कुठेही वाचायला मिळतं. रात्री खोलीवर आल्यावर पाच-सहा ओळीच लिहा, आणि त्या दिवशी फक्त तुमच्याच वाट्याला आलेलं लिहा. चहा कुठे घेतला, किती पैसे पडले, रिक्षावाल्याने काय सांगितलं, कशावरून दोघांत बोलाचाली झाली, बाईंचा गुडघा कुठल्या पायरीवर बोलायला लागला. खर्चाचा हिशेबही त्याच वहीत मांडा. पुढे वाचायला तोच सगळ्यात गोड लागतो. लगेच लिहायला हवं, कारण घरी परतल्यावर दिवस एकमेकांत मिसळतात.

तिकिटं चिकटवत असाल तर एक सावधगिरी. एसटीच्या मशीनमधून निघणारं तिकीट उष्णतेवर उमटणाऱ्या कागदाचं असतं, हळूहळू ते कोरं होत जातं. त्याच दिवशी त्याचा फोटो काढा. हॉटेलच्या बऱ्याच बिलांचंही तेच.

फोटो निवडायला दोघांनी एकत्र बसा आणि आधी माणसं शोधा. कासच्या पठारावर जाऊन आलेले लोक माझ्याकडे प्रिंट काढायला येत. फुलांचे शेकडो फोटो असायचे आणि बरोबर आलेल्या बहिणीचा एकही नसायचा. देवळाचा फोटो तुमच्यापेक्षा चांगला कुणीतरी काढलेलाच आहे. देवळाबाहेर चपला सांभाळत बसलेल्या बाईंचा फोटो फक्त तुमच्याकडे आहे. तो पानभर छापा. धर्मशाळेची खोली, गाडीत उघडलेला दशम्यांचा डबा, चुकलेल्या रस्त्यावरची पाटी, हे सगळं पुस्तकात येऊ द्या. प्रत्येक फोटोखाली वहीतली एक ओळ घ्या, जशी लिहिली होती तशीच.

छापण्यासाठी मूळ फोटो हवा. छपाईला इंचाला 300 ठिपके धरतात, म्हणजे 12 इंच रुंद पानाला 3600 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून साधा आलेला फोटो साधारण 1600 पिक्सेलचा असतो, तो पाच इंचांच्या पुढे नेला की फाटल्यासारखा दिसतो. सोबतच्या मंडळींकडून फोटो मागताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की फोटो काढल्याची तारीखही त्यात टिकते.

मराठी मजकुराची एक प्रत आधी छापून बघाच. फोटोबुकाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार भलतीकडे जातो. पडद्यावर बरोबर दिसलं तरी कागदावर बघितल्याशिवाय होकार देऊ नका. दोन पानांवर पसरलेला फोटो घेताना चेहरा मधल्या शिवणीत जाऊ देऊ नका. पूर्ण सपाट उघडणारी बांधणी मिळत असेल तर तीच घ्या. थोडी महाग पडते, पण पुस्तक वापरलं जातं.

चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो निघत नाहीत. (विटा)

त्या पानांचा गोंद वर्षांनुवर्षं पिवळा आणि घट्ट होत जातो, म्हणून काढायचा निर्णय योग्यच आहे. वरचं प्लास्टिक उचला, दात साफ करायचा धागा मिळतो तो किंवा बारीक रेशमी दोरा फोटोच्या मागून कोपऱ्यापासून करवतीसारखा हळूहळू सरकवा. फोटो वाकवू नका. अगदीच हटत नसेल तर पान कापून फोटो पानासकट ठेवा. सुरू करण्याआधी अल्बमच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कारण घरच्यांनी ते ज्या क्रमाने लावले होते तो क्रम हाही घराचा दस्तऐवज आहे.

मी कॉलेजला आहे. आजीला लिहिता-वाचता येत नाही. तिच्या आठवणींचं छोटं पुस्तक करायचंय. "तुझं लहानपण सांग" म्हटलं की ती म्हणते, "त्यात काय सांगायचं?" (पलूस)

बाळ, फार चांगलं काम हाती घेतलं आहेस. प्रश्न लहान कर. पाणी कुठून आणायचीस? घागरी किती, कुणाबरोबर? पहाटे जात्यावर कोण बसायचं? लग्नात सासरी आलीस ती बैलगाडीतून की एसटीने? 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तू कुठे झोपली होतीस, आधी कुणाला उचललंस? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होतीस का, तेव्हा वाटायचे ती सुकडी खाल्लीस का? एका प्रश्नावर ती अर्धा तास बोलेल. मध्ये बोलू नकोस. आणि तिला शेंगा फोडत, भाजी निवडत बोलू दे. समोर फोन धरून बसवलंस तर ती गप्प होईल, तो बाजूला ठेव.

लिहून काढताना तिची बोली बदलू नकोस. ती 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिही. 'गेल्ती', 'आल्ती' तसंच राहू दे. शब्द कळला नाही तर तिलाच विचार आणि अर्थ खाली लिही. मूळ आवाजाची एक प्रत तुझ्याकडे आणि एक दुसऱ्या गावातल्या काकांकडे ठेव. मोठं पुस्तक नको, प्रत्येक प्रसंगाला एक पान आणि जमलं तर एक फोटो. फोटो नसेल तर तिचं जातं, तिची पाटली, विहिरीची जागा, हे आता काढ. छापायला देण्याआधी तिला सगळं वाचून दाखव. ती मध्येच थांबवून "तसं नाय, माझी जाऊ न्हवती तिथं, नणंद व्हती" असं म्हणेल. ते दुरुस्त कर आणि मगच प्रेसमध्ये दे.