मालवणजवळ समुद्रालगत घर बांधतोय. इंडक्शन हॉब, चिमणी, डिशवॉशर अशी भारीतली उपकरणं घ्यावीत का? कोणत्या कंपनीची?

नको. निदान तुम्ही लिहिलंय तशा घरात तरी नको. राहता ठाण्याला, गावी येणार मे महिन्यात, गणपतीत आणि नाताळात, बाकी वर्षभर घराला कुलूप. आणि किचनचं बजेट तीन लाख. हे वाचून मला आधी हसू आलं, मग राग आला. तुमच्यावर नाही. जवळजवळ हीच वाक्यं मी आमच्या धाकट्या भावजींच्या तोंडून ऐकली आहेत आणि तो हिशेब अजून मिटलेला नाही.

आमचं घर आचऱ्याच्या बाजूला. समुद्र आणि आमच्यामध्ये एक माडांचं भाट, म्हणजे माडांची बाग, आणि एक रस्ता, बस. दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यामुळे चूल दिवसाला दहा-पंधरा माणसांची. २०२० च्या डिसेंबरात भावजी आले आणि म्हणाले, वहिनी, आयुष्यभर धुरात काढलंत, आता किचन मी करून देतो. मन मोठं आहे माणसाचं, ते मी नाकारत नाही. चार शेगड्यांचा इंडक्शन हॉब, म्हणजे विजेची सपाट काचेची शेगडी, ओट्यात बसवला, वर काचेची चिमणी, दोन दारांचा फ्रीज, डिशवॉशर. माझी पितळी बर्नरची गॅसची शेगडी पडवीत गेली. मी म्हटलं, ती राहू दे बाजूला. ते म्हणाले, जुनं समोर राहिलं की नवं कोणी शिकत नाही.

आता हरतालिका. ९ सप्टेंबर २०२१, दुसऱ्या दिवशी चतुर्थी, घरात लहानमोठी एकवीस माणसं. मोदकपात्र ॲल्युमिनियमचं, ते हॉबला दिसतच नाही. भांडं ठेवलं की नुसतं चिन्ह लुकलुकतं. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असा तळ लागतो हे तुम्हाला माहीत असेलच, पण गणपतीच्या घरातले टोप, तपेली, तांब्याचं पातेलं यांतलं किती चिकटतं ते एकदा चुंबक घेऊन बघा. आमच्याकडे एक बिडाची कढई चिकटली आणि भावजींनी आणलेला पाच भांड्यांचा संच. संचातलं सगळ्यात मोठं पातेलं सहा माणसांच्या आमटीचं.

तर त्या बिडाच्या कढईत सारण. अकरा नारळांचं खोबरं, गूळ विरघळून नुकता उकळायला लागलेला, आणि हॉब बंद. पडद्यावर एक अक्षर, एक आकडा आणि पीं पीं पीं. बंद करून चालू केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खालून ‘फट्’ असा बारीक आवाज आला आणि जळक्या केसांसारखा वास. सारण अर्धं कच्चं, वर पाणी सुटलेलं. पडवीतून शेगडी आणली, नळीवर धूळ बसलेली, ती पुसून सिलिंडरला लावेपर्यंत खोबऱ्याने कढईचा तळ धरला. भावजी तिथेच उभे होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, तुम्ही ओली भांडी ठेवता त्याच्यावर. किती वेळा सांगितलं!"

ओली भांडी. पाच वर्षं होत आली, अजून दर गणपतीत कोणी ना कोणी ते वाक्य काढतं.

कंपनीचा माणूस तेविसाव्या दिवशी आला, कोल्हापूरहून, गगनबावड्याचा घाट उतरून. आमच्या जिल्ह्यात त्यांचं कोणी नाही, हे विकताना सांगितलं नव्हतं. त्याने हॉब ओट्यातून उचलला, उलटा केला, खालचा पत्रा काढला आणि मला हाक मारली. "वहिनी, इकडं या. पाव्हणं आत बसलंय की." आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर पाल. वाळून कागद झालेली, चारही पाय फाकलेले, शेपटीकडचा भाग काळा. तिच्याभोवती तांब्याच्या रेषांवर मोराच्या पिसासारखा हिरवा थर आणि पत्र्याच्या स्क्रूंना भुसभुशीत तांबेरा. नऊ महिन्यांत.

हे का होतं ते त्याने तिथेच उकिडवं बसून समजावलं. हॉबच्या आतलं सामान तापतं, म्हणून खाली पंखा असतो. तो पंखा ओट्याखालची हवा ओढून बोर्डवर फेकतो. पुण्यात ती नुसती हवा असते. आमच्याकडे तिच्यात मीठ असतं. हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मिठाला पाणी सुटतं, पावसात बरणीत बघता ना, तेच बोर्डवर होतं. ओल्या मिठातून वीज नको तिथे पळते आणि तांबं खाते. पालीला ऊब आवडते, ती वाऱ्याच्या झरोक्यातून आत शिरते आणि दोन टोकांवर पाय ठेवते. दुसऱ्या देशात बसून आखणाऱ्या इंजिनियरने पाल हिशेबात धरलेली नसते.

आता ओल्या भांड्यांबद्दल. वरची काच अखंड असते आणि कडेने रबर किंवा सिलिकॉन असतं. भांड्याचं पाणी खाली जाणार कुठून? कोणीही सांगावं. फार तर टच बटणांवर पाणी सांडलं की हॉब ओरडतो आणि बंद होतो, पुसलं की चालू. जळत नाही. मी हे तेव्हाही सांगितलं होतं.

बोर्डाचे चौदा हजार सांगितले. वॉरंटी होती, पण कागदावर मागच्या पानाला बारीक अक्षरांत होतं, गंज आणि किडामुंगी त्यात येत नाही. तुम्ही घ्याल तेव्हा आधी ते मागचं पान वाचा. समुद्रकाठच्या घराला गंज वगळून दिलेली वॉरंटी म्हणजे पाणी वगळून दिलेली होडी.

आणि वीज. त्या माणसाच्या सांगण्यावरून मी पुढच्या गणपतीत आमच्या वायरमनला बोलावलं. त्याने चार दिवस येऊन जाऊन मीटर लावला. यायला हवेत २३० व्होल्ट. संध्याकाळी सातला १७० च्या आसपास, कारण सगळे चाकरमानी आलेले, एका डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, सगळी वाडी. आणि रात्री दोनला २७०. "वयनी, ह्यात काय टिकतला?" म्हणाला. हॉबच्या बोर्डला दोन्ही मारक. स्वस्तातल्या गॅसच्या शेगडीला यातलं काहीच कळत नाही, हे मी भावजींना म्हटलं तर ते म्हणाले, मग विमानाऐवजी बैलगाडीने जा. असं वाक्य आलं की वाद जिंकलाच म्हणायचा.

फ्रीजचं त्याआधीच झालं होतं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं, पोल आडवे, माड तारांवर, आठ दिवस काळोख. नवव्या दिवशी वीज आली तेव्हा दिवे असे पांढरेफटक पेटले की मुलांनी टाळ्या वाजवल्या. पंखा वेड्यासारखा फिरायला लागला. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटलेला होता. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात २३० च्या जागी चारशेच्या जवळ वीज येते. मी धावत जाऊन मेन पाडला, पण फ्रीजचा इन्व्हर्टर बोर्ड आणि चिमणीची टच पट्टी गेली ती गेलीच. हॉब वाचला, कारण त्याचा स्विच मी आधीच पाडून ठेवलेला. आठवडाभर पडवीतल्याच शेगडीवर जेवण होत होतं ना.

तुमच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. तो म्हणेल एमसीबी आहे, काळजी नको. एमसीबी जास्त करंटला पडतो, जास्त व्होल्टेजला नाही. मेन बोर्डवर जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर वेगळा बसवावा लागतो, किंमत चिमणीच्या मानाने काहीच नाही. आणि अर्थिंग नीट करून घ्या. जांभ्यावर घर असेल तर उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्डा खोल हवा आणि मे महिन्यात त्यात पाणी ओतायला माणूस हवा. तुमच्या कुलूपबंद घरात तो माणूस कोण?

चिमणीबद्दल थोडक्यात. तिचा पाइप पश्चिमेला काढू नका. आमचा काढलाय. पावसाळी वारा समुद्राकडून येतो, पाइपातून उलटा आत शिरतो आणि झडप रात्रभर टपटप वाजते. जुलैत वाऱ्याबरोबर पाणी आलं आणि मोटरीत गेलं. पूर्वेला काढा, टोक खाली वळवा, मध्ये वळणं कमी ठेवा, प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. मसाल्याच्या मिरच्या भाजताना किंवा सुकट परतताना तिचा उपयोग आहे, तो नाकारणार नाही. पण आम्ही मिरच्या तरी मागच्या दारी चुलीवरच भाजतो.

स्टील घ्याल तर नंबर विचारा. दुकानदार ‘एसएस’ म्हणून थांबतो. ३०४ वरसुद्धा समुद्राजवळ चहा सांडल्यासारखे तपकिरी ठिपके येतात, आठवड्याला गोड्या पाण्याने पुसलं तर थांबतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्याला जास्त तोंड देतं, पण चिमणीत सहसा कोणी देत नाही. आणि पत्रा कसाही असो, स्क्रू आधी गंजतात. कोणी स्क्रूंबद्दल विचारत नाही.

एक कबूल करते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी लिहितेय. डिशवॉशर चाललं. मला सगळ्यात नको होतं तेच चाललं. अजून चालू आहे, रोज रात्री, पर्यटकांच्या ताटवाट्या. ते माजघराच्या कोपऱ्यात आहे, समुद्राच्या भिंतीपासून लांब, आणि रोज तापतं. मला वाटतं रोज तापणारी वस्तू रोज सुकते, म्हणून टिकते. ॲल्युमिनियम त्यात काळं पडतं आणि बीड गंजतं, ते हाताने घासायचं. एप्रिल-मेमध्ये आमची विहीर मचूळ होते तेव्हा मी ते बंद ठेवते, खारं पाणी आतल्या स्टीलला नको म्हणून. भावजी म्हणतात, बघा, माझी एक तरी वस्तू चालली ना. चालली. चारातली एक.

म्हणून तुमच्या घराबद्दल. रोज वापरलं तर काही वस्तू टिकतील. वर्षातून तीनदा वापरायच्या आणि बाकी वेळ बंद खोलीत ओल खायला ठेवायच्या, तर सगळ्यात महागडी वस्तू सगळ्यात आधी जाईल, कारण तिच्यात बोर्ड सगळ्यात जास्त. पितळी बर्नरची साधी शेगडी घ्या. इंडक्शन हवाच तर तीन-साडेतीन हजारांचा सुटा घ्या, जाताना पिशवीत घालून ठाण्याला न्या. चहाला, पाहुण्यांच्या दुधाला तो खरंच चांगला, मे महिन्यात स्वयंपाकघर तापत नाही. फ्रीज साधा, स्टॅबिलायझरसकट, आणि निघताना रिकामा करून दाराला लाकडाची खुंटी लावून उघडा ठेवा, नाहीतर गणपतीला दार उघडाल तेव्हा आत बुरशीचं रान असेल.

कंपनी कोणती? जिचा माणूस कणकवलीत किंवा मालवणात बसतो आणि फोन उचलतो ती. विकत घेण्याआधी एकदा त्या माणसाला फोन लावून बघा, दुपारी दोन ते चार सोडून.

तुमचं घर समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत असेल, डोंगराआड, तर यातलं बरंचसं तुम्हाला इतकं लागणार नाही. हे आधीच लिहायला हवं होतं.

हॉब अजून ओट्यातच आहे. त्यावर फळी टाकली आहे, फळीवर गॅसची शेगडी. आणि भावजी, तुम्ही इथे सगळं वाचता हे मला तुमच्या बायकोने सांगितलंय. कोल्हापूरच्या माणसाने लिहून दिलेला कागद मी पोह्यांच्या डब्यात ठेवलाय. त्यावर कारण या रकान्यात तीन शब्द आहेत, पाल, गंज, व्होल्टेज. गणपतीला आलात की सगळ्यांसमोर वाचून दाखवा.