जुनी स्प्लेंडर तापून बंद पडते? बोअर उघडायच्या आधी प्लग बघा

दादा, २००५ ची स्प्लेंडर, पंधरा-वीस किलोमीटरनंतर तापून ओढ सोडते, बंद पडते, अर्धा तास सावलीत ठेवली की परत चालू, असं तुम्ही लिहिलंय. सेम माझी केस. माझी तर तामलवाडी सोडून तुळजापूरचा चढ लागला की बसायचीच, एप्रिलचं ऊन आणि मागं बायको-पोरगं.

ऑइल, फिन्समधला (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांमधला) चिखल हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही.

माझी मोठी चूक म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्यानं (नाव घेत नाही) गाडी चालवून न बघताच "बोअर गेलाय" (म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर झिजलाय) म्हटलं आणि मी लगेच हो म्हणालो. बोअर-पिस्टन, मजुरी धरून ४,८०० गेले. तीन आठवड्यांत परत तेच, आणि उघडलं तर नव्या पिस्टनला ओरखडे! विचारायला गेलो तर म्हणे तुम्हीच नवीन इंजिन पळवलं असणार. चार चकरा मारल्या हो त्या उन्हात, दरवेळी साहेब जेवायला गेलेत. अजून राग येतो.

शेवटी अशोक चौकाकडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी आधी स्पार्क प्लग काढला. टोक पांढरंफटक, खडूसारखं. "हवा जास्त खातीय बघा ही." गाडी आयडलला ठेवून कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि इंजिनच्या मधल्या जोडावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारला तसा आवाजच बदलला. तिथली ओ-रिंग (रबराची गोल रिंग) इतकी कडक झालेली की नखानं दाबली तर तुकडा पडला. त्या फटीतनं हवा शिरायची, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) व्हायचं, मग इंजिन तापणारच की. सगळं मिळून दीडशे रुपये.

फवारा इंजिन थंड असताना, गाडी नुकती चालू करून मारा, पेट्रोल तर अजिबात वापरू नका, आग लागंल. आणि मायलेजसाठी कार्बोरेटर लीन करून देणाऱ्याकडं जाऊच नका, माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक, मेन स्टँडला लावून मागचं चाक हातानं फिरवा. अडखळत असेल तर ब्रेक धरतोय, त्यानंही इंजिनवर लोड येतो. आणि तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नका, आपल्याकडं सर्रास करतात.

मी काय मेकॅनिक नाही, टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, तुमच्या गाडीत टॅपेट (व्हॉल्व्हची फट) टाईट किंवा टायमिंगचाही (ठिणगी पडायच्या वेळेचा) घोळ असू शकतो. पण बोअरला हात लावू देण्याआधी एक लांब चढ मारून गाडी तिथंच बंद करा, थंड झाल्यावर प्लग काढा आणि पांढरा निघतोय का कॉफी कलरचा (म्हणजे मिश्रण बरोबर) तेवढं कळवा.