पोलिसांनी वस्तीचं नाव ऐकून भावाला धरलं, अशी तक्रार तपासतात तरी कशी?

तुमचा प्रश्न असा: रात्रीच्या चेकिंगमध्ये लहान भावाला बस्तीचं नाव सांगताच थान्यावर नेलं, १५१मध्ये, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून आधीच अटक करायच्या कलमात, बसवून ठेवलं. आता तक्रार केली तर तिची जांच खरंच होते का, आणि पक्षपात सिद्ध कसा करायचा?

मी इंदूरला पोलीस खात्यातच होतो. शेवटची काही वर्षं अशा तक्रारींच्या जांच माझ्याकडे यायच्या, म्हणून खात्यात चालतात तेच शब्द वापरतो.

धरणाऱ्या पोलिसाच्या मनात काय होतं, हे कुणी कबूल करत नाही. शिपाई म्हणणार, संशयास्पद फिरत होता. भाऊ म्हणणार, कामावरून घरी चाललो होतो. एवढ्यावर थांबलं की 'आरोप प्रमाणित नाही' असं लिहून फाइल नस्तीबद्ध, म्हणजे बंद होते. बघायचं ते वेगळंच असतं. त्याच रात्री, त्याच चौकात, तसंच वागणाऱ्या इतरांशी पोलीस कसे वागले?

असंच एक प्रकरण माझ्याकडे होतं. मी त्या थान्याचं चालान बुक आणि रोजनामचा, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, मागवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कार्बनच्या निळ्या प्रती, त्यातल्या काही इतक्या फिक्या की गाडीचा नंबर खिडकीशी धरून वाचावा लागला. त्या रात्री ११ गाड्या थांबवल्या होत्या. हेल्मेट कुणाकडेच नव्हतं, चौघांकडे गाडीचे कागदही नव्हते. ते चौघे चालान भरून घरी गेले. थान्यावर नेलेल्या तिघांचे कागद पूर्ण होते, आणि तिघांचा पत्ता एकाच बस्तीचा होता. वेगवेगळ्या वेळी थांबवलेल्या त्या तिघांसाठी रोजनामच्यात एकच वाक्य होतं, शब्दाला शब्द: 'संदिग्ध अवस्था में घूमते पाए गए.'

त्यांना नेणाऱ्या एएसआयला (सहायक उपनिरीक्षकाला) विचारलं, तर त्यानं काही लपवलंच नाही. "साहेब, तिथली पोरं आहेत, तुम्हाला तर माहीतच आहे." इतक्या वर्षांच्या नोकरीत तो यालाच अनुभव समजत आला होता. मी तेच वाक्य कथनात, म्हणजे त्याच्या लेखी जबाबात, उतरवून त्याची सही घेतली. माझं सगळं प्रतिवेदन, म्हणजे चौकशीचा अहवाल, त्या एका वाक्यावर आणि त्या दोन वह्यांवर उभं राहिलं. त्याची वेतनवाढ रोखली गेली. बऱ्याचदा मात्र लाइन अटॅच करून, म्हणजे थान्यातून काढून पोलीस लाइनीत पाठवून, विषय मिटवतात आणि लोकांना वाटतं, शिक्षा झाली. ती शिक्षा नाही. जागा बदलते, एवढंच.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायलाच हवी. त्याआधी एका भाजीवाल्याची तक्रार आली होती. त्याचं कथन मी त्याच थान्यात, टीआयच्या (थान्याच्या प्रमुखाच्या) शेजारच्या खोलीत घेतलं. "मला कारवाई नको," तो म्हणाला. मी लिहून घेतलं आणि सुटलो. काही महिन्यांनी मंडीत भेटला. म्हणाला, "साहेब, ज्यांनी मारलं तेच बाहेर बाकावर बसले होते." त्यानंतर मी कुणाचंही कथन त्या थान्यात घेतलं नाही. तुम्हीही लेखी मागा की कथन दुसऱ्या जागी आणि घरचं माणूस सोबत असताना घ्यावं. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार केली असेल तर फोन येईल. खरोखर समाधान झालं नसेल तर 'झालं' म्हणू नका, त्या एका शब्दावर ती बंद होते.

१५१चं कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १७० झालंय, पण थान्यावर अजून १५१च म्हणतात. त्यात २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. डिसेंबर २०२१मध्ये इंदूरला कमिश्नर प्रणाली आली आणि प्रतिबंधक कारवाईतले कार्यपालिक दंडाधिकाऱ्याचे अधिकारही पोलिसांकडेच आले. धरणारे पोलीस, शांतता राखायचं बंधपत्र मागणारेही पोलीस. मला हे कधीच पटलं नाही. म्हणूनच बाहेरच्या नजरेची गरज जास्त आहे. २००६च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयानं जिल्ह्याजिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं होतं. तसं प्राधिकरण माझ्या नोकरीत मला इथे दिसलं नाही. मानवाधिकार आयोगाचा रस्ता मात्र आहे. राष्ट्रीय आयोग घटनेला वर्ष उलटलं की चौकशी करत नाही, तेव्हा तारीख लक्षात ठेवा.

सगळ्यात घाई सीसीटीव्हीची करा. २ डिसेंबर २०२०च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं थान्याचं फुटेज १८ महिने, यंत्राची तेवढी क्षमता नसेल तर निदान एक वर्ष ठेवायला सांगितलंय. तरी 'डीव्हीआर (फुटेज साठवणारं यंत्र) खराब होता' हे उत्तर मी स्वतः कितीदा ऐकलंय. त्या रात्रीचं फुटेज जपून ठेवा, असा अर्ज आजच डीसीपी कार्यालयात द्या. अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात त्या मंगळवारच्या जनसुनवाईतही तोच द्या आणि दोन्हीकडे आवक क्रमांक घ्या. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात भावाच्या नावाची रोजनामच्यातली नोंद आणि त्या रात्रीच्या चेकिंगमधल्या चालानांची संख्या मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते; नकार आला तर अपील करा.

आणि भावाला आज शांतपणे बसवून विचारा की त्याच्या पुढे-मागे कोणत्या गाड्या थांबवल्या होत्या, त्यातलं कोण घरी गेलं. रंग, अर्धामुर्धा नंबर, आठवेल ते लिहून काढा. महिन्याभरात ते पुसलं जातं.