मुंबईत मंदिर, मशीद, चर्चच्या संस्थांकडून दुसऱ्या धर्माच्या गरीब रुग्णाला उपचारासाठी मदत मिळते का?

मिळते, आणि धर्मादाय रुग्णालयात तर तो कायद्याने हक्क आहे. चर्नी रोडचे सैफी असो वा वांद्र्याचे होली फॅमिली, सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. अट उत्पन्नाची, जातधर्माचा संबंध नाही.

बिलिंगच्या खिडकीवर वाद घालू नका, तिथे हमखास वेळ जातो. दाखल होतानाच रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, रेशन कार्ड आणि आधार यांच्या तीन-तीन प्रती जवळ ठेवा. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यावेच लागते, कागद नंतर. नकार मिळाला तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा.

उरलेल्या रकमेसाठी सिद्धिविनायक न्यासासारख्या संस्थांकडे अर्ज करता येतो. रुग्णालयाच्या लेटरहेडवर डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडा. धनादेश सहसा रुग्णालयाच्या नावाने निघतो, म्हणून डिस्चार्जनंतर, बिल भरून झाल्यावर केलेला अर्ज बहुतेक ठिकाणी बाद होतो. उसनवारी करून आधी बिल भरणारी माणसे इथेच अडकतात, फार वाईट वाटते. एकाच संस्थेची वाट पाहत बसू नका, दोन-तीन ठिकाणी अर्ज द्या. मात्र एकीकडून मंजूर झालेली रक्कम दुसरीकडे स्पष्ट लिहा.

कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या नातेवाइकांना राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. रुग्णालयाचे पत्र घेऊनच जा.